हरणं मोजणाऱ्यांनो, शिकाऱ्याची साक्ष नीट घ्या

प्रति,
जिथे हरणांची शिकार कायदेशीर आहे अशा देशांत हरणांचे आकडे जाहीर करणारी आणि शिकारीचा कोटा ठरवणारी वन्यजीव खाती, तसंच त्यांना सल्ला देणारे अभ्यासक यांस

सप्रेम नमस्कार.

शिकारीचा हंगाम संपला की दर वर्षी एकच भांडण रंगतं. तुमचा अहवाल सांगतो, हरणांची संख्या स्थिर आहे, काही भागांत तर वाढली आहे. शिकारी म्हणतो, साहेब, पहाटेपासून मचाणावर बसून पाठ आखडली, शेपटीसुद्धा दिसली नाही, आणि तुम्ही वाढली म्हणता? तुम्हाला तो कुरकुऱ्या वाटतो, त्याला तुम्ही थापाडे वाटता. मग सभा होते, आवाज चढतात, पुढारी मध्ये पडतात, मादी मारायचे परवाने थोडे कमी होतात किंवा थोडे वाढतात. हरणांचं नेमकं काय झालं, हा प्रश्न तसाच राहतो.

मी शिकारी नाही. बंदूक कधी हातात धरली नाही, धरायची हौसही नाही. माझं काम आकड्यांशी. कुणी काय मोजलं, कसं मोजलं, त्यावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, एवढंच मी बघतो. तुमचे अहवाल आणि शिकाऱ्यांच्या तक्रारी शेजारी ठेवून वाचल्या की लक्षात येतं, बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असता, फक्त वेगवेगळ्या जागेबद्दल. तुमचा आकडा अख्ख्या जिल्ह्याचा असतो, त्याचा एका ओढ्याकाठचा. जिल्ह्याची सरासरी त्याच्या ओढ्याला लागू पडत नाही आणि त्याच्या ओढ्यावरून जिल्हा ठरत नाही. इथवर कुणाचंच चुकत नाही. चुकतं ते पुढे. त्याचं म्हणणं तुम्ही तक्रारींच्या खणात टाकता आणि कपाट लावून घेता. ते नोंद म्हणून घ्यायला हवं होतं. हे पत्र त्यासाठी.

आधी तुमच्याच घरातलं सांगतो, म्हणजे मी शिकाऱ्यांची वकिली करायला आलोय असं वाटायला नको. डेन्मार्कमध्ये कालो नावाची इस्टेट आहे. तिथल्या शिकार-संशोधन केंद्रानं १९५० साली ठरवलं की या जागेतली सगळी रो हरणं मारायची आणि नव्यानं कळप आणून अभ्यास सुरू करायचा. मारण्याआधी अंदाज घेतला तो सुमारे ७० हरणांचा. प्रत्यक्षात २१३ मारली गेली. अंदाज करणारे कुणी हौशी पाहुणे नव्हते. त्याच रानात नेहमी वावरणारे, जाणते लोक होते. तरी दर तीन हरणांपैकी दोन त्यांच्या हिशेबातच नव्हती. रो हरीण अंगानं लहान, झुडपात दबून बसणारं, आणि माणूस शेजारून गेला तरी न उठणारं. ही गोष्ट प्रत्येक गणना अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक छापावी, अशी माझी फार इच्छा आहे. कुणी छापणार नाही, हेही माहीत आहे.

दुसरं उदाहरण तुम्ही शिकवता तेच. अ‍ॅरिझोनातलं कायबाब पठार. १९०६ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तिथे शिकारीच्या प्राण्यांसाठी राखीव क्षेत्र केलं. हरणांची शिकार थांबली, उलट सरकारी माणसांनी प्यूमा, लांडगे, कोयोटी मारण्याचा सपाटा लावला. हरणं बेसुमार वाढली, झाडोरा फस्त केला आणि मग उपासमारीनं मेली. गोष्ट खरी आहे, पण १९२४ च्या सुमाराला हरणं नेमकी होती किती? त्या वेळचे अंदाज ३० हजारांपासून १ लाखापर्यंत पसरलेले होते. पाठ्यपुस्तकांत गेला तो १ लाखाचा आकडा, कारण तो गोष्टीला शोभत होता. १९७० मध्ये एका अभ्यासकानं मूळ कागद तपासून हे दाखवून दिलं, तोवर कित्येक पिढ्या तो आकडा घोकून परीक्षा देऊन गेल्या होत्या. ३० हजार आणि १ लाख यांत जेवढं अंतर आहे, त्यात तुमचं आणि शिकाऱ्याचं सगळं भांडण आरामात मावतं.

तेव्हा मोजणं अवघड आहे, हे दोघांनी मान्य करूया. आता शिकाऱ्याकडे वळतो.

शिकारी हरणं मोजत नाही. तो जिथे बसतो तिथून जी दिसतात ती मोजतो. हे दिसणं हरणांच्या संख्येवर अवलंबून असतंच, पण आणखी दहा गोष्टींवरही असतं. त्यातली सर्वांत मोठी गोष्ट रान स्वतः. एखाद्या उतारावरची झाडं तोडली की पहिली काही वर्षं तिथे हरणांची चंगळ असते. जमिनीपर्यंत ऊन पोहोचतं, बुंध्यांना फुटवे येतात, काटेरी वेली पसरतात, कोवळी रोपं हरणाच्या तोंडाशी येतील इतक्या उंचीची होतात. खायलाही तेच आणि लपायलाही तेच. याच काळात कुणीतरी तिथे मचाण बांधतो, आणि त्याच्या आठवणीत तो उतार म्हणजे हरणांचं माहेर होऊन बसतो. दहा-पंधरा वर्षांनी त्या रोपांची झाडं होतात. वरचा पाला एकमेकांना भिडतो, खाली सावली पडते, जमिनीवर वाळक्या पानांचा थर उरतो. तिथे आता हरणाला तोंड घालावं असं काही नाही. हरणं टेकडीपलीकडच्या नव्या तोडीत गेलेली असतात. मचाण मात्र जागचं हलत नाही. पुष्कळदा ते बापाकडून मुलाकडे येतं, त्याच झाडावर, त्याच तोंडानं. मुलगा म्हणतो, बाबांच्या वेळेला इथून डझनभर हरणं दिसायची, मला एकही दिसत नाही. तो खरंच सांगतोय. फक्त तो जे सांगतोय ते रानाच्या वयाबद्दल आहे. त्याला ते माहीत नसतं, आणि तुम्हाला माहीत असून तुम्ही सांगत नाही. तोडीचे नकाशे तुमच्या शेजारच्या खात्यात पडून असतात. त्याच्या मचाणाच्या जागेवर ते एकदा ठेवून दाखवले असते, तर निम्मा तंटा तिथेच मिटला असता.

मग ओकची फळं. ज्या वर्षी ओक लदबदून लागतो, त्या वर्षी हरणं रानाच्या आतच राहतात. पायाखाली पडलेलं टिपायचं सोडून उघड्यावर शेताच्या कडेला कशाला येतील? त्या वर्षी शिकार कमी होते, आरोळी उठते की हरणं संपली, आणि पुढल्या वसंतात चांगल्या पोसलेल्या माद्यांना धडधाकट पाडसं होतात. मका उशिरा काढला गेला तरी तेच. उभ्या मक्यात अख्खा कळप नाहीसा होतो. बर्फ पडलं नाही तर माग लागत नाही आणि तपकिरी रानात तपकिरी अंग उठून दिसत नाही. पहिल्या दोन दिवसांत वारा सुटला तर माणसं लवकर घरी जातात. यातलं बरंचसं शिकाऱ्यालाही ठाऊक असतं, पण डाव रिकामा गेल्यावर आठवत नाही.

एक कारण मात्र त्याच्या डोक्यात सहसा येत नाही. पुष्कळ ठिकाणी शिकारीच कमी झाले आहेत, आणि जे आहेत ते वयानं वाढले आहेत. पूर्वी रानात सगळीकडे माणसं असायची. कुणी गारठून पाय मोकळे करायला निघाला, कुणी वाट चुकला, कुणी जेवायला परतला, की त्याच्या चाहुलीनं उठलेलं हरीण दुसऱ्याच्या मचाणासमोरून जायचं. आता एका डोंगराला एक माणूस. हरीण दाट झुडपात बसून निवांत रवंथ करतंय, त्याला उठवणारं कुणी नाही. बसलेल्या माणसाला वाटतं रान रिकामं आहे. हरणं तेवढीच राहून दिसायची कमी होतात ती अशी. त्यात बंदुकांचे बार सुरू झाले की हरणं उजेडी चरणं सोडतात आणि काळोखात बाहेर पडतात. हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यातला शिकारी आणि पहिल्या सकाळचा शिकारी एकाच रानाबद्दल बोलत असले तरी दोन वेगळ्या जगांत बसलेले असतात.

उलटाही फसवा प्रकार आहे. हल्ली झाडाला कॅमेरा बांधतात. एकच देखणा नर रोज रात्री त्याच वाटेनं गेला की महिन्याभरात फोटोंचा ढीग जमतो आणि मालकाला वाटतं नरांचा सुकाळ आहे.

आणि नर म्हणजे सगळी हरणं, हा गोंधळ तर जुनाच. स्कॉटलंडच्या रम बेटावर १९५३ पासून लाल हरणांचा अभ्यास चालू आहे. एकेक हरीण ओळखून त्याचं अख्खं आयुष्य नोंदवणारे अभ्यास जगात थोडेच, त्यातला हा एक. १९७० च्या दशकात बेटाच्या उत्तर भागातली मारणी थांबवली. माद्या वाढत गेल्या, आणि नर कमी होत गेले. दाटी झाली की नर पाडसं जास्त मरतात आणि तरुण नर बाहेर निघून जातात. आता या जागी शिंगांवर डोळा ठेवून बसलेला शिकारी कल्पा. तो शपथेवर सांगेल की हरणं घटली, कारण त्याच्या लेखी हरीण म्हणजे शिंगाळा नर. एकूण कळप मात्र फुगलेला असेल. इथे उपाय काय? माद्या जास्त मारणं. त्याला नेमकं तेच नको असतं.

एवढं सगळं वाचून तुम्ही मान डोलवत असाल, की बघा, आम्ही म्हणत होतोच, यांच्या सांगण्यावर विसंबण्यात अर्थ नाही. जरा थांबा. साक्षीदार घटनेचा अर्थ चुकीचा लावतो म्हणून त्यानं जे पाहिलं ते खोटं ठरत नाही. कोर्टात साक्षीदाराला तुम्ही काय पाहिलंत, केव्हा, कुठून, किती वेळ, असं विचारतात. आरोपीला शिक्षा काय द्यावी हे त्याला विचारत नाहीत. तुम्ही मात्र बरोबर उलट करता. हंगामानंतरच्या प्रश्नावलीत विचारता, तुमच्या मते हरणं जास्त आहेत, कमी आहेत की योग्य? हा निकाल झाला. साक्ष घेतलीच नाही.

साक्ष घेता येते, याचा पुरावा नॉर्वे आणि स्वीडन. तिथे मूस या भल्यामोठ्या हरणाच्या शिकारीला जाणारी टोळी रोजची नोंद भरते. आज किती जण रानात होतो, किती मूस दिसले, त्यात नर किती, पिलू नसलेल्या माद्या किती, एक पिलू असलेल्या किती, दोन असलेल्या किती. मारला की नाही मारला हा वेगळा रकाना. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहायचं, आणि माझ्या मते अख्ख्या कागदावर सगळ्यात मोलाचा आकडा तो शून्यच. कारण त्यामुळे खाली भागाकार करता येतो, एका शिकाऱ्यामागे एका दिवसाला किती मूस दिसले याचा. माणसं कमी गेली म्हणून शिकार कमी झाली की मूसच कमी झाले, हे यातून वेगळं काढता येतं. शिवाय मादीमागे पिलं किती हे प्रमाण निघतं, आणि ते फार बोलकं असतं. मूस अजून भरपूर दिसताहेत पण जुळी घेऊन फिरणाऱ्या माद्या वर्षागणिक कमी होताहेत, तर चाऱ्यात काहीतरी बिघडलंय. ही खूण एकूण संख्या खाली येण्याच्या कितीतरी आधी दिसते. असा कागद मूसच्या रानाला शोभतो, दाट झुडपातल्या रो हरणाला तितका नाही, हे खरं. आणखी एक खोट आहे. संख्या घटली की शिकारी उरल्यासुरल्या चांगल्या जागी गोळा होतात, त्यामुळे दिवसामागचा आकडा काही काळ फसवा स्थिर राहतो. पण ही खोट माहीत आहे, तिचा हिशेब करता येतो. जे लिहूनच घेतलं नाही त्याचा कुठलाच हिशेब करता येत नाही.

आता हाच माणूस जे हातात धरून बघतो त्याकडे या. मारलेलं हरीण. व्हाइट-टेल हरणाचा खालचा जबडा उघडला की पुढून तिसरी दाढ बघायची. ती तीन उंचवट्यांची असेल तर दुधाची, म्हणजे हरीण अजून दीड-पावणेदोन वर्षांच्या आतलं. ती पडून दोन उंचवट्यांची पक्की दाढ आली असेल तर त्याहून मोठं. हे शिकायला पाच मिनिटं लागतात आणि एकदा कळलं की माणूस विसरत नाही. फ्रान्समध्ये रो हरणांच्या बाबतीत तर डोकी मोजण्याचा हट्टच सोडून दिला. पाडसाचं वजन आणि मागच्या पायाची लांबी बघतात. रानात दाटी झाली, चारा पुरेना, की पाडसं हलकी भरतात आणि पाय आखूड राहतात. हरणं किती आहेत हे न कळताही ती जास्त झालीत की नाही हे कळतं. मोजपट्टी आणि काटा कुणाच्या हातात असतो? शिकाऱ्याच्या.

रोगराईत तर त्याच्यावाचून तुमचं पानही हलत नाही. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणांना खंगवून मारणारा रोग, पहिल्यांदा दिसला तो १९६७ मध्ये कोलोराडोतल्या संशोधन केंद्रात ठेवलेल्या हरणांत. अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यात तो २००२ साली उघडकीला आला तो आधीच्या हंगामात शिकाऱ्यांनी मारलेल्या हरणांच्या नमुन्यांतून. लागण झालेलं हरीण पुष्कळ काळ धडधाकट दिसतं, म्हणून डोकी जमवून त्यातल्या लसिका गाठी तपासण्याला पर्याय नाही. २०१६ मध्ये नॉर्वेतल्या रानटी रेनडिअरमध्ये हा रोग आढळला, युरोपात पहिल्यांदाच, आणि त्या भागातला २००० हून अधिक जनावरांचा कळप पुढच्या काळात पूर्ण मारून टाकावा लागला. एवढं मोठं पाऊल तिथल्या लोकांच्या गळी उतरवायचं तर आधीपासून विश्वास हवा. तो ऐन वेळी उसना मिळत नाही.

पण माझ्या मुद्द्याला सगळ्यात जवळचा रोग दुसराच आहे. चिलटांसारख्या बारीक माश्यांमधून पसरणारा रक्तस्रावी ताप. उन्हाळ्याच्या शेवटी येतो, पाणी आटून काठावर चिखल उघडा पडला की माश्यांची पैदास वाढते. ताप चढलेलं हरीण पाण्याकडे धाव घेतं, म्हणून मढी ओढ्या-तळ्यांच्या काठी सापडतात. जीभ सुजलेली, तोंडाशी फेस. पहिलं कडक, गोठवणारं दहिवर पडलं, माश्या मेल्या, की साथ संपते. अमेरिकेत २०१२ च्या दुष्काळात तिनं मोठा धुमाकूळ घातला होता. या रोगाची खोड अशी की तो ठिगळाठिगळानं मारतो. एका खोऱ्यातली बरीचशी हरणं जातात आणि टेकडीपलीकडच्या खोऱ्यात काही म्हणजे काही होत नाही. जिल्ह्याची सरासरी जेमतेम हलते. तुमचा अहवाल म्हणतो परिस्थिती सर्वसाधारण आहे, आणि त्या एका खोऱ्यातला माणूस दोन महिन्यांनी बंदूक घेऊन बसतो तेव्हा त्याच्यासमोर स्मशानशांतता असते. त्याला तुम्ही सांगता की वारा होता, ओक लागला होता, तुम्ही जागा बदलून बघा. इथे तो बरोबर असतो आणि तुम्ही चूक. त्याच्याकडे पुरावाही असतो. साथीतून वाचलेल्या हरणाचे खूर बघा, त्यावर आडवी भेग किंवा वळ दिसतो, कधी खुराचं कवच सुटून आलेलं असतं. शिकारी असं हरीण मारतो, खूर बघून चुकचुकतो आणि विसरून जातो, कारण ते कुणाला सांगायचं याची सोय नाही. असे चार खूर एका खोऱ्यातून आले असते तर तुम्हाला कळलं असतं.

विश्वासाचं म्हणालो, तर विस्कॉन्सिनचीच हकीकत पुढे नेतो. तिथे बराच काळ जे गणित वापरलं जाई ते असं: मारलेल्या नरांमध्ये दीड वर्षाचे किती यावरून नरांचं मरण्याचं प्रमाण काढायचं, त्यावरून हंगामाआधीचे नर, मग नर-मादी प्रमाणावरून माद्या, आणि मादीमागे किती यावरून पाडसं. गणित हुशारीचं आहे, पण ते उभं राहतं शिकाऱ्याच्या सवयीवर. उद्या लोकांनी ठरवलं की कोवळे नर सोडायचे आणि मोठ्या शिंगांची वाट बघायची, तर मारलेल्यांतला कोवळ्यांचा वाटा रानातला वाटा दाखवत नाही. सवय बदलली की आकडा बदलतो, हरणं होती तिथेच असतात. त्यातच मादी मारल्याशिवाय नर मारता येणार नाही असा नियम काही भागांत लावला गेला. जैविकदृष्ट्या त्याचं समर्थन करता येईल. दाटी कमी करायची तर माद्याच कमी व्हायला हव्यात. पण ज्याला तुमचा आकडाच पटत नाही त्याला तो नियम शिक्षा वाटला. २०११ मध्ये कायद्यानंच तो नियम काढून टाकला. २०१२ साली बाहेरचे तज्ज्ञ जेम्स क्रोल यांचा अहवाल आला, आणि २०१४ पासून परगण्यापरगण्यात स्थानिक सल्लागार समित्या नेमल्या गेल्या. चांगलं झालं की वाईट, यावर तिथे अजून वाद घालता येईल. मला तर स्थानिक समितीत सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो अशी धास्ती वाटते. पण खालच्या पातळीवरचा आकडा मागणं हे मागणं म्हणून रास्त होतं. वर्षानुवर्षं न दिल्यामुळे ते शेवटी राजकारणातून आलं.

शिकाऱ्यांनाही एक बोलायला हवं. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेकडच्या एल्क या मोठ्या हरणांच्या कळपाची मोजणी १९९४ च्या सुमारास १९ हजारांच्या घरात होती, २०१३ मध्ये ती ४ हजारांच्या आसपास आली. लांडगे १९९५-९६ मध्ये परत आणले होते. घट झाली हे शिकाऱ्यांनी हेरलं ते बरोबरच. कारण विचारलं तर सगळ्यांच्या तोंडी एकच उत्तर, लांडगे. अस्वलं एल्कची वासरं उचलत होती, प्यूमा होते, अवर्षण होतं, आणि उद्यानाबाहेर हिवाळ्यात माद्यांची शिकार करणाऱ्या बंदुकाही होत्या, हे मागे पडलं. कमी झालं हे शिकाऱ्याला लवकर कळतं, का झालं हे सांगताना तो आपल्या नावडत्याचं नाव घेतो. शिवाय त्याचा स्वार्थ असतो. मादीचे परवाने कमी व्हावेत म्हणून कमी सांगणारे आहेत, जास्त मिळावेत म्हणून जास्त सांगणारेही आहेत. आणि आठवण प्रत्येकाची आपापल्या पहिल्या वर्षांपासून सुरू होते. अमेरिकेत १९०० च्या आसपास व्हाइट-टेल काही लाखांवर आली होती, आज ती ३ कोटींच्या घरात आहेत. भरभराटीच्या ऐन काळात ज्यानं पहिली बंदूक घेतली त्याला तोच काळ नेहमीचा वाटतो, आणि त्यानंतरची प्रत्येक उतरण सर्वनाश.

हे सगळं धरूनही मी म्हणतो की त्याला विचारा. पहाटेच्या काळोखात, ठरलेल्या जागी, वर्षानुवर्षं गुपचूप बसून समोर बघणारी इतकी माणसं पगारावर ठेवायची तर कुठल्याही खात्याचं दिवाळं निघेल. ही माणसं उलट तुम्हालाच पैसे देऊन बसतात. परवान्याची फी तर आहेच, अमेरिकेत १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा करही वन्यजीवांच्या कामाला लावला आहे.

आपल्या वाचकांपैकी कुणी म्हणेल, भारतात १९७२ च्या कायद्यानं आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारच बंद केली, आपल्याला याचं काय? शिकार पुन्हा सुरू करा असं मी मुळीच म्हणत नाही. पण शिकार जिथे थांबते तिथे रोज रान बघणारे डोळे संपत नाहीत. गुराखी, मेंढपाळ, रात्री पीक राखणारे शेतकरी त्याच वाटांवर असतात. त्यांनाही आपण नुकसान किती झालं एवढंच विचारतो. काय दिसलं, किती वेळात, कुठल्या बांधावरून, सोबत पाडसं होती का, हे विचारत नाही. कागद तोच चालेल.

तर माझं मागणं मोठं नाही. पुढच्या परवान्यासोबत एक पान द्या. कुठल्या खोऱ्यात बसलात, किती तास, काय दिसलं, नर किती, माद्या किती, पाडसं किती, आणि रिकामे गेलेले दिवस किती. ज्यानं काहीच मारलं नाही त्याच्याकडूनही ते मागून घ्या, त्याच्याकडून तर आधी. हे पान दर दोन वर्षांनी सुधारत बसू नका. पंधरा वर्षं एकसारखं विचारलेलं ओबडधोबड पान दर वर्षी बदललेल्या सुबक पानापेक्षा केव्हाही बरं. हंगामाचे दिवस किंवा हत्यारांचे नियम बदललेत तर त्या वर्षावर खूण करून ठेवा. आकडा छापताना एकच छापू नका, कमीत कमी इतकी आणि जास्तीत जास्त इतकी असं छापा. लोक हसतील असं वाटतं तुम्हाला, पण लोक हसतात ते शेवटच्या अंकापर्यंत अचूक दिसणाऱ्या आकड्याला. आणि ज्यानं पान भरलं त्याला त्याच्या खोऱ्याची ओळ परत पाठवा, शेजारच्या खोऱ्यांसकट, तोडीच्या नकाशासकट. हे झालं नाही तर तिसऱ्या वर्षी कुणी पान भरणार नाही, आणि तुम्ही म्हणाल लोकांना आस्थाच नाही.

मढ्यांच्या खबरीसाठी मात्र हंगामाची वाट बघू नका. त्यासाठी एक नंबर उन्हाळा संपायच्या आत जाहीर करा. ओढे आटायला लागल्यापासून पहिलं दहिवर पडेपर्यंत तो उचलायला माणूस ठेवा, आणि फोन करणाऱ्याला तुमचा परवाना कुठाय हे पहिल्या झटक्यात विचारू नका.

कळावे,
आकड्यांवर पोट असलेला एक वाचक